ओझ्याच्या जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत करायची आहे. सोलापूरकरांनी मार्ग सुचवावा

विजापूरवेस (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

यंदा फेब्रुवारीत आम्ही घरावर वरचा मजला चढवायला घेतला. पहिल्या दोन गाड्यांत कच्च्या भाजलेल्या विटा बऱ्याच निघाल्या, तेव्हा गवंडी म्हणाला की आता तुम्हीच भट्टीवर जाऊन माल पाहून या. त्याप्रमाणे एका सकाळी मी शहराबाहेरच्या एका वीटभट्टीवर गेलो आणि विटांऐवजी तासभर गाढवेच पाहत उभा राहिलो. विटा जिथे थापून वाळत घालतात तिथून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून परत, अशी अकरा गाढवांची रांग कोणीही न हाकता आपली आपण चालत होती. ओझे उतरले की ती स्वतःच वळत आणि पुन्हा भरून घ्यायला जागेवर जाऊन उभी राहत. त्यातल्या एका गाढविणीच्या पाठीवर, नेमक्या कण्यावर, तळहाताएवढी जखम होती. जखमेवर काळे ऑइल फासलेले होते आणि त्यावर गोणपाट टाकून विटा लादल्या होत्या. मी त्या मोजल्या. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा.

मालकीण तिथेच होती. मी जरा चिडूनच विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तिला थांबीवली तर माझी खेप थांबतीया, सायेब. खेपंवर पैसं हैत." मी गप्प बसलो, कारण त्या विटा जाणार होत्या माझ्याच घरावर. रात्री हिशेब केला तर आमच्या दहा हजार विटांसाठी अशा साडेचारशे खेपा होतात.

चैत्रात आईचे वर्षश्राद्ध आहे. आमच्या गावाकडच्या घरासमोर एक दगडी डोण होती आणि वाटेने जाणाऱ्या कोणाच्याही जनावरासाठी आई ती उन्हाळाभर भरून ठेवत असे. जेवणावळ घालण्याऐवजी तिच्या नावाने तीस हजार रुपये अशा जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. गोशाळांची माहिती मला आहे. मला विचारायचे आहे ते राबणाऱ्या जनावरांविषयी, म्हणजे गाढव, गाडीचा बैल, टांग्याचा किंवा वरातीचा घोडा यांच्याविषयी. संस्था कशी पारखावी? आणि ती गाढवीण विकत घेऊनच सोडवली तर?

माळढोक

आईंच्या स्मृतीस वंदन. संस्थेचे नंतर पाहू, परंतु त्या गाढविणीसाठी आजच १९६२ या क्रमांकावर फोन करावा. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा हा टोल-फ्री क्रमांक आहे आणि त्यासाठी कोणत्याही संस्थेचे सभासद असावे लागत नाही. गाडी लगेच येईलच असे नाही, पण नोंद होते आणि पाठपुरावा करता येतो.

शेंगाचटणी

मी मूळची साखर पेठेतली, आता पुण्यात असते. काका, वाचून फार वाईट वाटले. माझे मत असे की तुम्ही ती गाढवीण घेऊनच टाकावी. माझे पाच हजार त्यात धरा. उरलेले पैसे तिला एखाद्या आश्रमात ठेवण्यासाठी द्यावेत. निदान एक जीव तरी सुटेल.

बाराबंदी

ताई, भावना समजते, तरीही असे करू नये असे मी सुचवीन. तुमचे पैसे हातात आले की ती बाई दुसरे गाढव आणणार, कारण तिचे पोट खेपेवर आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीला आणि रंगपंचमीच्या सुमारास मढीला गाढवांचे मोठे बाजार भरतात. तिथून एखादे दुवान-चौवान, म्हणजे आत्ताच्यापेक्षा कोवळे जनावर तिच्याकडे येईल आणि तेच गोणपाट त्याच्या पाठीवर पडेल. शिवाय गाढवे झपाट्याने कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे तीन लाख वीस हजार गाढवे होती, ती २०१९ च्या गणनेत एक लाख वीस हजारांवर आली. माल कमी असलेल्या बाजारात दयेपोटी खरेदी करणारे गिऱ्हाईक उतरले की भाव चढतो आणि तो भरावा लागतो पुढच्या गरिबाला.

या क्षेत्रातल्या एका जुन्या संस्थेची सुरुवात मात्र खरेदीनेच झाली होती, हेही सांगायला हवे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेले घोडे युद्धानंतर इजिप्तमध्येच विकले गेले. डोरोथी ब्रूक ही एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी १९३० मध्ये कैरोला गेली, तेव्हा ते म्हातारे घोडे तिथल्या गाड्यांना जुंपलेले तिला दिसले. १९३१ मध्ये तिने एका इंग्रजी दैनिकाला पत्र लिहिले, वाचकांनी पैसे पाठवले आणि पुढच्या तीन वर्षांत तिने सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेकांची अवस्था अशी होती की त्यांना शांतपणे मरण देणे एवढेच करता आले. त्या घोड्यांची संख्या ठरलेली होती, नवे येणार नव्हते, म्हणून खरेदीला काही अर्थ होता. कैरोतल्या गरिबांची जनावरे मात्र संपणारी नव्हती. १९३४ मध्ये तिने तिथे दवाखाना उघडला आणि पुढे कामाचा भर मालकाकडेच राहणाऱ्या जनावरावर मोफत उपचार करण्याकडे गेला. ब्रूक या नावाने ती संस्था आज भारतातल्या वीटभट्ट्यांवरही काम करते.

शेंगाचटणी

पटले. पाच हजार मात्र मागे घेत नाही, त्यांचे काय करायचे ते सांगा.

पत्रीनाल

मी पशुवैद्यक असून शासकीय सेवेतून निवृत्त झालो आहे. नोकरीची बरीच वर्षे याच जिल्ह्यात गेली. जखमेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण देणगी कशावर खर्च व्हावी याचे उत्तर त्यातच आहे.

गाढवाच्या कण्याचे मणके वर आलेले असतात आणि त्यांच्यावर मांस थोडेच असते. ओझे बरगड्यांच्या दोन्ही अंगांवर पेलले जावे आणि कण्यावर बोटभर मोकळी जागा राहावी, अशी पालाणाची, म्हणजे ओझ्याखालच्या खोगिराची, रचना असायला हवी. प्रत्यक्षात दुमडलेले गोणपाट किंवा जुनी वाकळ टाकतात; ती घामाने भिजते, तिच्यात विटेची माती बसते आणि दिवसभर ती कानशीसारखी घासत राहते. आधी केस जातात, मग सूज येते, मग कातडे फाटते. ऑइल लावल्याने माशा जरा कमी बसतात म्हणून लोक ते लावतात, पण जखम त्याने भरत नाही, उलट आत चिघळते. खरे औषध सांगायचे तर स्वच्छ पाण्यात थोडे मीठ घालून रोज धुणे आणि त्या जागी ओझे न पडू देणे. आठ दिवस काम थांबवता येत नसेल, तर जखमेभोवती गोल पोकळी राहील अशी जाड गादी शिवून घेता येते. तिला शंभर-दोनशे रुपयांचे कापड आणि काथ्या लागतो, पण ती शिवायला शिकवणारा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट धनुर्वाताची. घोडा आणि गाढव यांना धनुर्वात फार लवकर होतो. खुरात खिळा रुतला, पाठीची जखम मातीने भरली, एवढे पुरते. जबडा मिटतो, कान ताठ होतात, पाय लाकडासारखे होतात, आणि त्या अवस्थेत जनावर वाचवणे अतिशय कठीण असते. प्रतिबंधक लस स्वस्त आहे, परंतु ती वेळच्या वेळी द्यावी लागते, आणि भट्टीवरचे कुटुंब पावसाळ्यात गावी जाते, हंगामाला दुसऱ्याच भट्टीवर उतरते. वर्षातून एकदा मंडप घालून शिबिर भरवणाऱ्यांना हे जमत नाही. त्याच भट्ट्यांवर महिन्यामागून महिना जाणारी गाडी हवी.

गाढव दुखणे दाखवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बैल लंगडतो, घोडा अस्वस्थ होतो, गाढव मान खाली घालून उभे राहते. लोक त्याला सोशिक म्हणतात आणि आणखी दोन विटा ठेवतात.

कायद्याचे विचाराल तर ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझे नसावे, दिवसाचे काम नऊ तासांपेक्षा आणि सलग काम पाच तासांपेक्षा जास्त नसावे, आणि तापमान ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. वाळलेली वीट तीन किलोची धरली तर आपण मोजलेल्या बावीस विटा ६६ किलो झाल्या. दुपारच्या नियमाबद्दल सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. मार्च उलटला की आपल्याकडे तो जवळजवळ रोजच लागू असतो.

कडकभाकरी

सर्वांची माफी मागून विचारतो. त्याच भट्टीवर त्या बाईची मुले शाळेत जात नसतील, तिला स्वतःला कंबरदुखी असेल, झोपडीवर पत्रा नसेल. अशा ठिकाणी गाढवाच्या पाठीला मलम लावायला तीस हजार रुपये द्यायचे, यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नाही का? मी प्राण्यांचा शत्रू नाही. पण माणूस आधी, असे मला वाटते.

खेपवाला

कडकभाकरी दादा, आपण विचारलेत ते बरे झाले, कारण याचे उत्तर माझ्याकडे आहे. एरवी मी इथे केवळ वाचतो.

माझे लहानपण भट्टीवर गेले. आमची चार गाढवे होती. मी पाचवीत असताना त्यातल्या एकाला धनुर्वात झाला. तेव्हा नाव माहीत नव्हते. कोणी म्हणाले वारे गेले, कोणी म्हणाले करणी झाली. आईने रात्रभर त्याच्या अंगावर गरम राखेची पुरचुंडी फिरवली. त्याचा जबडा इतका घट्ट मिटला होता की ओठांच्या फटीतून ओतलेले पाणी बाहेर ओघळत होते. दुसऱ्या रात्री ते मेले. मालकाकडून घेतलेली उचल फिटायची होती आणि खेपा तर तितक्याच व्हायला हव्या होत्या. तेव्हा त्या आठवड्यापासून चौथ्या गाढवाच्या खेपा आईने डोक्यावरून वाहिल्या. एका वेळी आठ विटा, चुंबळीवर फळी ठेवून. तिच्याबरोबर मीही वाहिल्या. मी पाचवीची परीक्षा दिली नाही, पुढच्या वर्षी दिली.

आपण म्हणता माणूस आधी. आमच्या घरात गाढव पडले की पुढचा नंबर आईचा आणि त्यानंतरचा माझा होता. एक लस टोचायला कोणी आले असते तर माझे ते वर्ष वाचले असते. मी आज नोकरी करतो, बरे चालले आहे, त्यामुळे ही तक्रार म्हणून लिहिलेली नाही.

कडकभाकरी

मी माझा प्रश्न मागे घेतो. हे मला खरोखरच माहीत नव्हते.

सीनाकाठ

गाढवांचे झाले, आता बैलांचे मी लिहितो. आमच्या भागात उसाचा हंगाम म्हणजे टायरगाड्यांचा हंगाम. बीडकडून, धाराशिवकडून जोडपी येतात. गाडीवान मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो आणि त्याची बैलजोडीच लाखावर जाते. म्हणजे सहा महिन्यांसाठी तो आपले सगळे भांडवल दोरीला बांधून परमुलखात आणतो. जाणूनबुजून ते भांडवल मोडून टाकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मोडते ते टनाच्या हिशेबाने.

तीन वर्षांपूर्वी आमच्या फाट्यावर शहरातली काही मंडळी आली होती. संस्थेचे नाव घेत नाही. त्यांनी चढावर एक गाडी अडवली, मोबाइल समोर धरला आणि गाडीवानाला, "लाज वाटत नाही का?" असे विचारले. तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याला धड उत्तर देता येईना. इकडे बैल भरल्या गाडीसह चढावर अर्धा तास उभे! जू मानेवर तसेच. त्या मंडळींपैकी एकालाही गाडीला उटी, म्हणजे चाकामागे अडण, लावावी, दांडीखाली टेकू द्यावा, असे सुचले नाही. चित्रफीत मात्र रात्री सगळीकडे फिरली. त्यानंतर दोन वर्षे आमच्या गाडीतळावर कोणा प्राणिमित्राला कोणी जवळ येऊ देत नव्हते, आणि त्यात खरे काम करणारेही भरडले गेले.

खरे काम करणारे कसे ओळखायचे, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. एका संस्थेची गाडी हंगामात रात्री आठनंतर तळावर येते, कारण दिवसा गाडीवान फडात असतो. बैल सोडल्यावर, वैरण टाकल्यावर ते एकेक खांदा चाचपून पाहतात. खांदेसूज कोवळी असेल तर शेक आणि मलम, गळू धरले असेल तर डॉक्टर चिरा देतो. जुवाच्या खालच्या बाजूला गादी बसवून देतात, पत्री निघालेली असेल तर नालबंदाकडे पाठवतात. पराणीची आर, म्हणजे बैलाला टोचायच्या काठीचे लोखंडी टोक, मात्र ते मागून घेतात. ती काढून दिली की बदल्यात कासरा नाहीतर घुंगरू देतात. पहिल्या वर्षी तीन-चार जणांनी आर दिली. आता पोरे स्वतःहून विचारतात की गाडी कधी येणार. मला वाटते संस्था पारखायची याहून सोपी खूण नाही: जनावराचा मालक तिला बघून वाट वाकडी करतो, की बैल घेऊन पुढे येतो?

आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, हळद आणि तूप लावून बैलांचे खांदे चोळतात. वाडवडिलांना खांद्याचे दुखणे नीट कळत होते. त्यांच्या वेळी मात्र हंगामभर रोज दोन-अडीच टन ऊस नव्हता.

जाता जाता: कारखान्यात ऊस टाकतात त्या जागेला गव्हाण म्हणतात, म्हणजे जनावराला वैरण घालायच्या जागेचेच नाव. बाहेर रांगेत बैल पाच-सहा तास उपाशी उभे असतात आणि आत गव्हाण भरून वाहत असते. नाव कोणी ठेवले कोण जाणे. कोणाला काही द्यायचेच असेल तर वजनकाट्याच्या रांगेच्या बाजूला पाण्याची लांब टाकी आणि वर शेडनेट बांधून द्या.

माळढोक

सीनाकाठ, इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली बसणारे एक आधाराचे चाक तयार केले होते; त्याला त्यांनी ‘सारथी’ असे नाव दिले होते. त्याने मानेवरचा भार बराच कमी होतो असे वाचले होते. आपल्याकडे कोणी वापरते का? आणि बैलगाड्यांच्या शर्यतींविषयी तुमचे मत काय?

सीनाकाठ

ते चाक मी मोबाइलवरच पाहिले. कल्पना चांगली आहे, कारण दांडीचा भार मानेवरून जमिनीवर जातो. फडातल्या ओल्या रानात लहान चाक कसे चालेल, हे बघायला हवे.

व्यवस्थापक

शर्यतींसाठी स्वतंत्र धागा आहे, कृपया ती चर्चा तिथे करावी.

हिशेबनीस

विजापूरवेस साहेब, आपला मूळ प्रश्न पैशांचा आहे, म्हणून मी त्यापुरतेच लिहितो.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, आणि लेखापरीक्षित हिशेब मागितल्यावर देते का, हे आधी पाहावे. संकेतस्थळावर हिशेब असतील तर उत्तम, नसतील तर पत्र लिहून मागावेत. उत्तर येण्याची पद्धतच पुष्कळ सांगून जाते. आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे ८०जीची मान्यता हवी, दोन हजारांवरची देणगी रोख देऊ नये, आणि ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते हे विसरू नये. आपल्या ओळखीत कोणी कंपनीत अधिकारी असतील तर त्यांनाही सांगावे की कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या यादीत प्राणिकल्याण स्पष्टपणे नमूद आहे.

आपल्या भागापुरते बोलायचे तर ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून सांगली-सोलापूर पट्ट्यात बैल, गाढवे आणि घोड्यांसाठी काम करते. निवृत्त बैलांसाठी सांगलीकडे त्यांचे आश्रयस्थान आहे आणि काही भट्ट्यांवर गाढवांऐवजी ट्रॅक्टर आणण्याचे कामही त्यांनी केले आहे. मी त्यांचा कोणी लागत नाही. आपण स्वतः जाऊन पाहावे आणि मग ठरवावे.

विजापूरवेस

आपला आभारी आहे. एक शंका आहे. एका संस्थेचा अहवाल मी मागवून पाहिला, तर निम्म्याहून अधिक खर्च पगार आणि डिझेल यांवर दाखवला आहे. औषधांवर फार थोडा. आईच्या नावाचे पैसे कोणाच्या पगारात जावेत, हे मनाला जरा खटकते.

हिशेबनीस

हा आक्षेप मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. वर पत्रीनाल साहेबांनी लिहिले आहे की गादीचे कापड शंभर-दोनशेचे आहे, शिकवणारा माणूस मिळत नाही. तो माणूस म्हणजेच पगार, आणि त्याला भट्टीपर्यंत नेणारे ते डिझेल. औषधांवर भरमसाट खर्च आणि पगार नाममात्र असा अहवाल मला मिळाला तर मीच आधी विचारीन की ही औषधे टोचली कोणी.

पत्रीनाल

शंभर टक्के सहमत. दुर्गम ठिकाणी जाणारा तरुण पशुवैद्यक दोन वर्षे टिकला तर मालक त्याला ओळखू लागतात. दर सहा महिन्यांनी नवा चेहरा आला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि संस्थांना एकरकमी देणगीपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते, कारण नेमणूक त्या भरवशावर करता येते.

खेपवाला

ट्रॅक्टरचा उल्लेख वर आला आहे, त्याविषयी एक मुद्दा. गाढवांच्या पाठीवरचे ओझे जाणार असेल तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. पण ट्रॅक्टर येतो तो भट्टीमालकाचा. गाढवे असतात वाहणाऱ्याची. ट्रॅक्टर आल्यावर मालकाचे भाडे वाचते आणि गाढववाल्याचे काम जाते, मग तो गाढवे घेऊन नदीवर वाळू वाहायला जातो, रात्री, चोरून. तिथे धाड पडली की गाढवेच जप्त होतात. म्हणून काका, ज्या संस्थेला आपण पैसे द्याल तिला एवढे जरूर विचारा की ट्रॅक्टर आल्यावर गाढववाल्याला भट्टीवरच भरणी-उतरणीचे काम मिळेल अशी बोली करून घेतली होती का, आणि त्याच्या गाढवांचे पुढे काय झाले. नीट काम करणाऱ्यांकडे याचे उत्तर असते.

बाराबंदी

म्हाताऱ्या बैलांचेही तसेच आहे. २०१५ पासून राज्यात बैलांची कत्तल बंद आहे. त्या बाजूने किंवा विरुद्ध इथे बोलत नाही. पण कामातून गेलेला बैल पुढची काही वर्षे वैरण खातो आणि ती वैरण ज्याच्या दावणीला आहे त्यालाच घालावी लागते. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात थकलेल्या बैलाशेजारी दिवसभर उभा राहून संध्याकाळी त्याच दोरीने त्याला परत नेणारा शेतकरी पाहिला की आश्रयस्थानाला मदत करणे हीसुद्धा माणसाचीच मदत वाटते.

विजापूरवेस

उत्तर द्यायला दीड महिना लागला, त्याबद्दल क्षमस्व.

दोन संस्थांशी पत्रव्यवहार केला. एकीने हिशेबाऐवजी रंगीत पत्रक आणि क्यूआर कोड पाठवला. दुसरीने हिशेब तर पाठवलेच, वर विचारले की आमच्याबरोबर एक दिवस येता का? आठवडी बाजाराच्या दिवशी भट्टीला सुटी असते, म्हणून त्यांनी तो दिवस धरला होता. सकाळी सातला मी त्यांच्या गाडीतून निघालो. चार भट्ट्या झाल्या. खेपवाला यांनी सांगितलेला ट्रॅक्टरचा प्रश्न मी वाटेतच विचारला. डॉक्टरांनी एका भट्टीपाशी गाडी थांबवून मला तिथल्या भरणीवरच्या दोघांशी बोलायला लावले. ते पूर्वी गाढवे हाकत होते. एका भट्टीवर मात्र बोली पाळली गेली नाही आणि दोन कुटुंबे निघून गेली, हेही डॉक्टरांनी न विचारता सांगितले. माझा निर्णय खरे तर तिथेच झाला.

तिसरी भट्टी आमच्या विटांची होती. मी गेल्या वेळी आलो होतो हे त्या बाईंच्या लक्षात होते. माळढोक यांच्या सांगण्यावरून मी १९६२ वर नोंद केली होती, त्यानुसार एकदा सरकारी डॉक्टर येऊन गेले होते आणि पुढची मलमपट्टी या संस्थेने धरली होती. जखम अजून पूर्ण मिटलेली नाही, पण कडेने गुलाबी कातडी धरली आहे आणि मध्ये रुपयाएवढीच जागा उरली आहे. पाठीवर शिवलेली गादी होती, मध्ये पोकळी ठेवलेली. ती बाईंनीच शिवली होती, जुन्या सोलापुरी चादरीची. एका कडेला मोराचे अर्धे चित्र दिसत होते. लस टोचताना गाढविणीने कान मागे टाकले, एवढेच.

विटा किती लादता, असे विचारायचे मी टाळत होतो. त्यांनीच सांगितले की हिच्यावर आता आठ-आठ ठेवते, बाकीच्यांवर दहा-दहा. आठ-आठ म्हणजे ४८ किलो. दहा-दहा म्हणजे ६०. डॉक्टर म्हणाले की खेपेचा दर वाढल्याशिवाय बाकीच्यांचे उतरणार नाही आणि त्यासाठी ते भट्टीमालकाशी बोलत आहेत.

तीस हजार एकदम न देता दरमहा दीड हजारप्रमाणे वीस महिने देण्याची सूचना बँकेला देऊन आलो आहे. सीनाकाठ यांनी सुचवलेल्या पाण्याच्या टाकीसाठी भावाने वेगळे पैसे काढले आहेत. पुढच्या हंगामाआधी कोणत्या कारखान्याच्या रांगेपाशी ती बांधावी, हे त्यांनी कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

निघताना त्या बाईंनी विचारले, "झालं का घर?" मी म्हणालो, झाले, फक्त कंपाउंडची भिंत राहिली आहे.

शेंगाचटणी

काका, माझे पाच हजार त्या टाकीत धरा. आणि टाकीला कड ठेवताना ती गाढवाच्या उंचीला पुरेल अशी ठेवायला सांगा, नाहीतर बैलच पाणी पितील.

सीनाकाठ

निरोप पाठवला आहे. ताईंचे बरोबर आहे, एका टोकाला कड दीड फुटावर घेऊ.